आज पाणी कुठवर आहे?

या. इथं पायरीवर बसा.

दगड गार आहे. थोडा वेळ गारच लागेल. मग अंगाची ऊब त्याला लागेल आणि त्याचं गारपण विसरायला होईल.

घाई नाही.

माघातली सकाळ आहे. रामकुंडाच्या जरा खालच्या अंगाला, घाटावर, आपण बसलो आहोत. नकाशात नदीचं नाव गोदावरी. नाशिककर मात्र "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

श्वास आत येतो. नाकपुडीच्या कडेला गार लागतो.

श्वास बाहेर जातो. कोमट लागतो.

एवढंच पाहा.

पुन्हा एकदा पाहा.

माझ्या डाव्या हाताला आत्या बसली आहे. एक्क्याऐंशी वर्षांची. शाल गळ्यापर्यंत ओढलेली, हात शालीच्या आत. ती आपल्याबरोबरच आहे. मधूनच काही विचारेल. विचारू द्या.

आता मान जराशी वर करा.

समोर मारुती उभा आहे. देवळात नाही, उघड्यावर, नदीच्या पात्रातच. एक तोंड इकडे, एक तोंड तिकडे. म्हणून दुतोंड्या मारुती.

त्याच्याकडे पाहा. काही मागायचं नाही. नुसतं पाहायचं.

मग नजर सावकाश खाली आणा. छाती. कंबर. गुडघे. पावलं.

पावलांशी थांबा.

"पाणी कुठवर आलंय रे?" आत्या विचारते.

"पावलं कोरडी आहेत, आत्या."

"बरं."

०००

पावसाळ्यात सगळं नाशिक या मूर्तीकडे पाहतं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, ते बातम्यांत येतं. घरात, दुकानात, रिक्षात मात्र एकच प्रश्न असतो. दुतोंड्याच्या कुठवर आलं?

पायाला लागलं. गुडघ्याला आलं. कमरेला. छातीला.

२०१९च्या ऑगस्टात ते डोक्यावरून गेलं. मग उतरलं. गाळ धुऊन निघाला, आणि मारुती होता तिथंच होता.

हे मोजमाप मला फार जवळचं वाटतं. यात दुसऱ्या कुठल्या नदीशी बरोबरी नाही. हीच नदी, हाच मारुती. काल कुठवर होतं, आज कुठवर आहे.

आणि ते त्यालाच नीट कळतं, ज्याच्या डोळ्यांत रोजचं पाणी आहे. पावलं कोरडी असतात त्या दिवशीही जो येऊन पाहून जातो, त्याला.

आज आपण तसेच आलो आहोत. कोरड्या दिवशी.

एवढं वाचून झालं की डोळे मिटा. चार श्वास होऊ द्या. मग पुढं या.

०००

तुमच्याही आत असा एक जण उभा आहे.

विसरण्याचं पाणी त्याच्याभोवती कधी चढतं, कधी उतरतं.

समोरून ओळखीचा माणूस येतो. नाव ओठावर येऊन अडतं. तो पुढं जातो आणि वळणावर नाव आठवतं. स्वयंपाकघरात जाऊन आपण उभे राहतो, आणि कशाला आलो ते परत बैठकीत आल्यावर सुचतं.

हे पाणी पावलांशी खेळतं. वय वाढलं की थोडं जास्त खेळतं. उशिरा आठवतं, पण आठवतं.

"साठी बुद्धी नाठी" म्हणतात. ती म्हण मला कधी पटली नाही. उशिरा आठवणं आणि हरवणं या दोन गोष्टींना ती एकाच नावानं हाक मारते.

दूध गॅसवर ठेवलं आणि उतू गेलं, हे वेगळं. चाळीस वर्षं रोज केलेल्या वरणात आधी डाळ की आधी फोडणी, हे हाताला न सुचणं वेगळं. रस्ता चुकून मागं फिरणं वेगळं. आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, आपलं घर कुठल्या बाजूला, म्हणून उभं राहणं वेगळं.

आता मनातल्या मनात पाहा. घाबरायचं नाही, नुसतं पाहायचं.

तुमचं रोजचं पाणी कुठवर असतं?

तीन वर्षांपूर्वी कुठवर होतं?

उत्तर लगेच नको. प्रश्न पाण्यात सोडा. तो बुडेल तिथं बुडू द्या.

०००

तीन शब्द देतो. ओंजळ पुढं करा.

तांब्या.

पेरू.

घोंगडी.

एकेक सावकाश म्हणा. तांब्याचा गार काठ ओठाला लागतो. पेरूचा वास हाताला राहतो. घोंगडी मानेला टोचते.

ठेवून द्या. पुढं कुठंतरी विचारेन.

डॉक्टरही असंच करतात. तीन शब्द देतात, मधे दुसऱ्याच गोष्टीत गुंतवतात, मग शब्द परत मागतात. १९७५ साली मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा साध्या प्रश्नांची ३० गुणांची एक छोटी तपासणी मांडली. आज वार कोणता. आपण कुठं आहोत. शंभरातून सात वजा करत जा.

चला, आपणही उतरू या. शंभर ही घाटाची सगळ्यात वरची पायरी.

शंभर.

त्र्याण्णव.

एक श्वास.

शहाऐंशी.

पुढच्या तीन पायऱ्या तुम्ही एकटे उतरा. कठड्याला हात लावून उतरलात तरी चालेल. चुकलात तरी खाली पाणीच आहे, आणि ते आज उथळ आहे.

मी इथं थांबतो.

०००

आत्यानं काढलेलं घड्याळ माझ्याकडे आहे. चौकोनी घडी घालून पाकिटात ठेवलं आहे. आता उलगडतो. जवळ या.

हे वर्तुळ पाहा. किती गोल आहे. हात न उचलता काढलेलं. आयुष्यभर अंगणात रांगोळी काढलेला हात आहे तो.

डॉक्टर म्हणाले होते, "आजी, यात घड्याळाचे आकडे भरा. आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

बारा वर आहे. बरोबर जागी. मग एक. दोन. तीन जरा वरच आला. चार, पाच, सहा दाटीनं. सात, आठ, नऊ एकमेकांना खेटून. अकरापर्यंत सगळे आकडे उजव्या अर्ध्यातच बसले आहेत.

डावा अर्धा मोकळा आहे. तिथं काही नाही.

काटे पाहा. एक अकरावर, एक दहावर. "दहा मिनिटं" ऐकली आणि हात दहाकडे गेला.

"झालं की," आत्या म्हणाली होती. मग तिनं पेन्सिल खाली ठेवली, आणि त्या मोकळ्या बाजूवरून तळहात फिरवला. रांगोळीचं पीठ सांडलं असेल तर आपण पुसतो, तसा.

या कागदाकडे थोडा वेळ पाहू या.

मोकळ्या बाजूकडेही पाहू या.

एका घड्याळावरून काही ठरत नाही. नजर अधू असते, शाळा कमी झालेली असते, रात्रभर झोप नसते, मन खचलेलं असतं. म्हणून डॉक्टर पुढं रक्त तपासतात, डोक्याची चित्रं काढतात, घरच्यांना विचारतात: पूर्वी कशा होत्या? त्यांचं रोजचं पाणी कुठवर होतं?

काही पाणी उतरणारं असतं. आमच्या शेजारच्या काकू भाजीचे पैसे दोनदा देऊ लागल्या, नातवंडांची नावं उलटसुलट घेऊ लागल्या. तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व फार कमी. इंजेक्शनं झाली, आणि काही महिन्यांत काकू हिशेब पुन्हा तोंडी करू लागल्या. थायरॉइडनं असं होतं, काही औषधांनी होतं, दुःखानं होतं. ते कळायला एकदा तपासावं लागतं.

आणि पाणी एका दिवसात चढलं, माणूस कालपर्यंत ठीक होता आणि आज बरळतो आहे, तोंड वाकडं झालं आहे, शब्द जड झाले आहेत, तर बसून पाहायचं नाही. उठायचं आणि दवाखाना गाठायचा. त्या वेळी मनन नको.

आत्याचं पाणी उतरणारं नव्हतं.

भारतात साठी ओलांडलेल्या शंभर जणांपैकी सातांहून थोड्या अधिक जणांभोवती असं, स्मृतिभ्रंशाचं पाणी आहे. २०२३ साली आलेल्या मोठ्या पाहणीचा हा अंदाज, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसं. मला तो आकडा हातात धरता येत नाही. मला हा कागद धरता येतो.

घडी घालतो. पाकिटात ठेवतो.

"पाणी कुठवर आलंय रे?"

"खाली आहे, आत्या. पावलं कोरडी."

"बरं. डबे मग माडीवरच असू दे. परत खाली नको."

०००

हे डबे १९६९च्या पुरातले आहेत.

त्या सप्टेंबरात आत्या पंचवीस वर्षांची होती. भांडीबाजारात सासर. पाणी गल्लीत आलं तेव्हा तिनं पितळी डबे एकेक करून माडीवर चढवले. सात डबे. सातव्याचं झाकण वाहून गेलं. हे ती आजही सांगते, झाकणाच्या कडीसकट.

आज सकाळी उपमा खाल्ला, हे सांगत नाही.

जुनं खोल रुजलेलं असतं. नवं वरवर असतं, ते आधी जातं.

तुमच्यासाठीही एक उतार आहे. नाशिकचा माणूस वर्षं सिंहस्थानं मोजतो. त्याच पायऱ्यांनी मागं जाऊ या.

२०१५. घाटावर माणसांचा पूर. तुम्ही कुठं होता? त्या वर्षी तुमच्या घरात कोण कोण होतं?

थांबा. चेहरे येऊ द्या.

२००३. कुठल्या खोलीत झोपत होता? उशाशी खिडकी होती का?

१९९१. घरातला कोणता आवाज सकाळी पहिला ऐकू यायचा?

पाणी भरण्याचा? रेडिओचा? कुणाच्या खोकल्याचा?

तो आवाज ऐका.

०००

आता तीन बोटं मनगटावर ठेवा, अंगठ्याच्या खाली.

ठोका सापडेपर्यंत थांबा.

सापडला.

प्रत्येक ठोक्याला रक्ताचा एक घोट वर जातो. मेंदूचं वजन दीड किलोच्याही आत. देहाचा जेमतेम पन्नासावा भाग. पण श्वासातून घेतलेल्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. तुम्ही झोपता तेव्हाही घेतो.

द्राक्षाच्या बागेत पाटाचं पाणी पाहिलं असेल. पाटातून चारीत, चारीतून सरीत, सरीतून मुळाशी. जोर जास्त झाला की चारीचे काठ ढासळतात, आणि शेवटच्या वेलींना पाणी पोचत नाही. वर पाट मात्र भरून वाहताना दिसतो.

डोक्यातल्या बारीक रक्तवाहिन्या अशाच चाऱ्या आहेत. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षं त्यांचे काठ खातो. साखर खाते. तंबाखू खाते. विसरण्याचं पाणी तिथूनही शिरतं. दुखत काहीच नाही. म्हणून दंडाला पट्टा बांधून घ्यायचा. महिन्यातून एकदा, शांत बसून, बोलणं थांबवून.

ठोका अजून बोटांखाली आहे का?

असू द्या.

पुढच्या दहा ठोक्यांना फक्त सोबत करा.

०००

आता कान द्या.

कबुतरं फडफडतात. पायरीवर कपडा आपटतो. चहाच्या स्टोव्हचा सूं सूं आवाज. लांब कुणीतरी कुणाला हाक मारतं.

पलीकडे नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ सालचं. त्याच्या तटावर एक घंटा. १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची खूण. मोठ्यानं बोलणाऱ्याला नाशकात अजून "नारोशंकराची घंटा" म्हणतात.

तिचा एक टोल मनात पडू द्या.

ठण्ण.

टोल पडतो तो क्षणभर. त्याच्यामागून येणारी घुमण लांबते. तिच्याबरोबर जा. ती बारीक होते. आणखी बारीक. ती नक्की कुठं संपली?

सांगता येत नाही. तिथवर ऐकलंत, एवढं पुरे.

ऐकू कमी आलं की माणूस पहिल्यांदा "काय?" विचारतो. मग विचारणं सोडतो. मग नुसतं हसून मान हलवतो. मग लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरतो. आत्याचं हे सगळं मी पाहिलं, आणि वयानं होतंच म्हणून सोडून दिलं. कानाचं मशीन पाच वर्षं उशिरा आणलं. ही माझी चूक आहे आणि ती मला अजून लागते.

२०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं अशा १४ गोष्टी मांडल्या, ज्या वेळेत हातात घेतल्या तर स्मृतिभ्रंशाची जवळपास ४५ टक्के प्रकरणं टळावीत किंवा लांबावीत. बहिरेपण त्यात वर आहे. अधू नजर आहे. एकटेपण आहे. उदासी आहे, कमी शिक्षण आहे, हलणंफिरणं थांबणं आहे, दूषित हवा आहे. उरलेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त, प्रकरणांना अजून आपल्याकडे उत्तर नाही. आत्या कदाचित त्यातली असेल. कदाचित नसेल. हा प्रश्न मी या पायरीवर पुष्कळदा घेऊन बसलो आहे.

दर उन्हाळ्यात याच काठच्या पटांगणावर वसंत व्याख्यानमाला होते. संध्याकाळी म्हातारी माणसं जोडीनं येतात. विषय कुठलाही असो, पुढच्या ओळीत बसतात आणि कानाला हात लावून ऐकतात.

तो कानाला लावलेला हात पाहा.

थोडा वेळ तुम्हीही तसा लावा.

०००

उठू या का? चार पावलं.

सावकाश. टाच टेकते. मग चवडा. मग बोटं.

उजवा. डावा.

आपल्या डोक्यात, कानांच्या आतल्या बाजूला, दोन लहानशा वळलेल्या गोष्टी आहेत. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना त्यांचा आकार समुद्रघोड्यासारखा वाटला, म्हणून त्यांचं नाव हिप्पोकॅम्पस पडलं. आजचा दिवस तिथं उतरतो. रस्ते तिथं ठेवलेले असतात. अल्झायमरमध्ये पाणी आधी तिकडे शिरतं, म्हणून माणूस काल विसरतो आणि वाट विसरतो.

२०११ साली अमेरिकेतल्या १२० वयस्कर माणसांचा एक अभ्यास आला. त्यातली निम्मी माणसं वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं चालली. त्यांचा हा समुद्रघोडा आक्रसायचा तो सुमारे दोन टक्क्यांनी वाढला.

चालून.

डावा. उजवा. श्वास आत. श्वास बाहेर.

आज बुधवार. घाटावर बाजार भरतो आहे. पालं ताणली जातात, गोण्या सोडल्या जातात, मातीसकट मुळा बाहेर येतो. कान उघडे ठेवून यातून चालू या.

ही बाई बागलाणची. भाव अहिराणीत सांगते, पैसे मराठीत मागते. पलीकडचा दुकानदार घरच्यांशी गुजरातीत बोलतो, गिऱ्हाइकाशी हिंदीत. स्नानाला आलेलं एक कुटुंब तेलुगू बोलत जातं. ही नदी त्यांच्याच मुलखातून समुद्राला मिळते.

हैदराबादच्या निम्स संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या ६४८ जणांच्या नोंदी पाहिल्या. ते काम २०१३ साली प्रसिद्ध झालं. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये खुणा साडेचार वर्षं उशिरा दिसल्या होत्या. कधी शाळेत न गेलेल्यांतही.

बागलाणच्या बाईला हे कुणी सांगितलेलं नाही. ती मेथीची जुडी झटकते. पाण्याचे थेंब तुमच्या हातावर उडतात.

गार आहेत.

आपण एक जुडी घेतो आणि परत पायरीवर येतो.

बसा. गुडघे जरा कुरकुरतील. कुरकुरू द्या.

०००

मी तीन शब्द दिले होते.

वर जाऊन पाहू नका. डोळे मिटा. ओंजळीत काय आहे?

थांबतो.

थांबतो.

एखादा सापडत नसेल तर हात देतो. एकातून पाणी प्यायचं. एक खायचा. एक थंडीत पांघरायची.

आलं ना?

जे आता आलं, ते गेलेलं नव्हतं. आत होतं, दाराशी हाक हवी होती. डॉक्टर हेही पाहतात. हाक दिल्यावर शब्द येतो की हाक देऊनही येत नाही.

पुन्हा मारुतीकडे पाहा.

इथून त्र्यंबकच्या रस्त्याला अंजनेरीचा डोंगर आहे. मारुतीचा जन्म तिथला, असं या भागातलं माणूस मानतं. त्याची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. लहानपणी खोड्या फार, म्हणून ऋषींचा शाप: तुझं बळ तू विसरशील, कुणी आठवण दिली तरच आठवेल. समुद्राच्या काठी सगळे वानर बसले आहेत. पलीकडे कोण जाणार? मारुती एका बाजूला गप्प बसला आहे. त्याला आठवतच नाही.

तेव्हा म्हातारा जांबवंत त्याच्याजवळ जातो. आणि त्याला त्याचीच गोष्ट सांगतो. तू कोण. तुझी आई कोण. लहानपणी तू काय केलंस.

त्या समुद्रकाठी थोडं थांबू या.

लाटेचा आवाज. वाळू. एक म्हातारा वाकून, हळू आवाजात, एकाला त्याची गोष्ट सांगतो आहे.

तुमची गोष्ट कुणापाशी आहे?

एक चेहरा येऊ द्या. भाऊ असेल, शाळेतली मैत्रीण असेल, बायको असेल. तुम्हाला तुमचं रोजचं पाणी सांगू शकेल असं माणूस. "तू हल्ली तेच तेच विचारतोस," हे न रागावता सांगेल असं.

त्याला आज फोन करता येईल.

काही आठवण डोक्याबाहेरही ठेवता येते. या घाटावर तीर्थोपाध्यायांच्या घरी नामावळीच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की वही उघडते, आणि पणजोबा इथं कधी येऊन गेले ते त्यांच्याच अक्षरात निघतं. मीही एक वही केली आहे, आत्यासाठी. पहिल्या पानावर माझा फोटो, खाली माझं नाव, आणि "भावाचा मुलगा". रोज सकाळी ती ते पान वाचते.

काही सकाळी वाचून माझ्याकडे पाहते आणि हसते.

काही सकाळी नुसतं वाचते.

०००

ऊन पायऱ्यांवर आलं आहे. एक पायरी खाली सरकलं.

वर्तमानपत्र पसरलं आहे. आत्याचे हात शालीतून बाहेर आले आहेत. तिच्या पुढ्यात मेथीची जुडी ठेवली, आणि कुणी काही सांगायच्या आत दोरा सोडला गेला.

तिचे हात पाहा.

डाव्या हातात काडी. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट पानाच्या बुडाशी जातात, खुडतात, बाजूला टाकतात. कोवळा देठ राहतो, जून देठ मोडतो. पिवळं पान वेगळं. किडीचं पान वेगळं. एकही चूक नाही. घड्याळाचे आकडे हरवले, हे हरवलेलं नाही. हातांची आठवण डोक्यात दुसरीकडे राहते. तिथं पाणी उशिरा पोचतं.

तुम्हीही एक काडी घ्या.

पानाच्या बुडाशी अंगठा न्या. खुडा. ऐका, बारीकसा आवाज होतो.

वास घ्या. कडसर, हिरवा, मातीचा.

आणखी एक पान.

श्वास आत येतो. श्वास बाहेर जातो.

आणखी एक.

आता ती कुणाबरोबर तरी बसून निवडत असावी तशी निवडते आहे, जाऊ की सासू की आई, ते मला माहीत नाही. ओठ हलतात. आवाज नाही. मी कान जवळ नेतो. ती चाल गुणगुणते आहे, शब्द नाहीत, चाल पुरी आहे. कुठंही अडत नाही.

ऐकत राहू या.

पानांचा ढीग वाढतो. ऊन तिच्या मनगटापर्यंत येतं. पाण्यात मारुतीची सावली पडली आहे, थोडी हलते, पुन्हा जुळते.

"पाणी कुठवर आलंय रे?"

मी मान वर करतो. तुम्हीही करा. छाती. कंबर. गुडघे. पावलं.

"पावलं कोरडी आहेत, आत्या."

"बरं," ती म्हणते, आणि पुढची काडी उचलते.